बिनकामाची गाडी

इंजिन उभ्यानं ऐकू नये, बसून ऐकावं, असं लिंबाजी मिस्तरी म्हणायचे. आधी बूड टेकायचे, मग लांब पेचकस काढायचे, त्याचं टोक इंजिनाच्या अंगाला लावायचे, मूठ कानाला, आणि डोळे मिटायचे. आजूबाजूचे लोक आपोआप गप्प व्हायचे. बऱ्याच वेळानं एक वाक्य यायचं. "वाल्व चावायलाय." किंवा, "मालक, ह्येला तेल न्हाई, ह्ये रडायलंय." ते सांगतील ते खरं निघायचं, म्हणून त्यांना कुणी घाई करत नसे.

हल्ली माझा नातू मित्रांशी फोनवर तासन्‌तास भांडत असतो. दोन माणसांची पळणारी गाडी, आपल्यासारख्याला परवडेल अशी, तिच्यात पुढच्या वर्षी कोणतं इंजिन येणार, बॅटरी येणार की पेट्रोल राहणार, यावरून त्यांच्यात अबोले होतात. मी मध्ये काही विचारलं की म्हणतो, "आज्जी, तुला नाही कळायचं." स्वस्त पळगाडीसाठी नव्या इंजिनाची वाट बघणारा माणूस मी त्याच्या बापाच्या जन्माआधी येलदरीत पाहिलाय. नुसता पाहिला नाही, त्याला वाट बघायला मीच बसवलं होतं.

बहात्तरचा दुष्काळ नुकताच ओसरला होता. मॅट्रिक, डी.एड., नवी नवरी आणि धरणाच्या कॉलनीतल्या शाळेची नवी बाई, अशा चार पदव्या लावून मी येलदरीला उतरले. वय बावीस. आमचे हे वीजघराच्या ऑफिसात कारकून होते. बाईंना इंग्रजी येतं अशी बातमी आठवड्याभरात कॉलनीत पसरली. पसरवणारी मीच. खरं तर माझं इंग्रजी गायीवरच्या निबंधापर्यंत पक्कं होतं. गाय संपली की मीही संपत असे.

ही बातमी ऐकून एका दुपारी मिस्तरी शाळेच्या पायरीशी आले. चाळिशीकडे झुकलेले, सडपातळ, खाकी शर्टाचं वरचं बटण लावलेलं. वीजघरात टर्बाइनवर हेल्पर होते, दहा वर्षं टेंपरवारी. मूळचे बोरीचे. छप्पन सालानंतर त्यांचं अख्खं घर बौद्ध झालं, त्यानंतर त्यांनी गाव सोडलं आणि धरणाच्या कामावर आले. काखेत पंच्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. मला वाटलं कोंबडी असेल.

"बाई, तुमाला इंग्रजी येतं म्हणत्यात."

"येतं. काय काम आहे तुझं?"

माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी मोठ्या माणसाला मी अरे-तुरे करत होते. मी खुर्चीवर, ते पायरीवर. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, हेही इथं लिहून ठेवते.

पंच्यातून मोटारींचं एक परदेशी मासिक निघालं. टर्बाइनच्या दुरुस्तीला आलेला कुणी परदेशी इंजिनिअर गेस्ट हाउसात अशी मासिकं टाकून गेला होता. खानसामा त्यात भजी बांधायच्या बेतात होता, मिस्तरींनी वाचवली. त्या इंजिनिअरला मिस्तरींचे कान फार आवडले होते म्हणे. पुढेही तो अधूनमधून एखादा अंक टपालानं पाठवत असे. मिस्तरींना इंग्रजी अक्षरं ओळखता यायची, आकडे यायचे, शब्द जुळायचे नाहीत. त्यांनी एक चित्र पुढं केलं. इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी पोकळी आणि तिच्यात समोशासारखा तिकोनी तुकडा.

"ह्ये इंजिन हाय. ह्येला पिस्टन न्हाई. येवढं चित्रावरून कळालं. बाकीचं तुमी सांगा."

मी चित्राकडे बघत राहिले. मला तो समोसाच वाटत होता.

"बाकीचं म्हणजे काय?"

"आपलं तेलाचं इंजिन कसं, वर-खाली, वर-खाली. उखळात कांडल्यावानी. आन आमचं टर्बाइन बगा. नुसतं फिरतंय, धक्का न्हाई. मोटारीत आसं फिरतं इंजिन आलं तर गाडी हलकी हुईल, धाकली हुईल, स्वस्त हुईल. दोन माणसांची, बुटकी, जिमिनीला चिकटून पळणारी. मास्तराला परवडंल आशी."

"दोनच माणसांची? मग सामान कुठं ठेवायचं?"

"सामान कशाला? कामाची गाडी न्हाई ती."

"मग कशाची?"

"बिनकामाची. बसायचं, पळवायचं, घरी यायचं." त्यांनी मासिकाचं दुमडलेलं पान सरळ केलं. "आमच्या घरात सात पिढ्या सगळे कामाचेच निघाले, बाई. येक गाडी तरी बिनकामाची निघू द्या की."

त्या दिवसापासून दर रविवारी आमच्या ओट्यावर वाचन सुरू झालं. मी शब्दकोश मांडीवर घ्यायची, चष्मा नसताना असल्यासारखी मान वर करायची आणि वाचायची. चार शब्दांतला एक कळायचा. उरलेले तीन मी पदरचे घालायची. मिस्तरी डोळे मिटून, एक तळवा ओट्याच्या फरशीवर ठेवून ऐकत. आणि मग विचारत. "वजन किती म्हणलंय?" आकडे वाचता यायचे, ते मी खरे सांगायची. "आन पिस्टन न्हाई म्हणल्यावर धक्का कोण देतंय?" इथं माझी वाट अडायची. मी काहीतरी ठोकून द्यायची. ते मान हलवायचे, आणि पुढच्या रविवारी नेमकं तेच परत विचारायचे. गेल्या वेळी काय ठोकलं होतं ते मला आठवायचं नाही. आमचे हे पेपराआडून बघायचे आणि पान उलटायचे.

मिस्तरींची बायको गोदा. तिचा या इंजिनावर तिळभर विश्वास नव्हता, पण नवऱ्याच्या गोष्टी सांगताना ती फुलायची. बोरीतली बाजेची गोष्ट मला तिनंच सांगितली. तिथल्या एका मोठ्या बागायतदाराचं विहिरीवरचं इंजिन ऐन गव्हाच्या दिवसांत बंद पडलं. ओंबी भरत आलेली, पाणी तटलेलं, जिंतूरचा मेकॅनिक दोनदा येऊन हात टेकून गेलेला. शेवटी मिस्तरींना निरोप गेला. मिस्तरी सुट्टीच्या दिवशी गेले, आणि विहिरीजवळ नुसते उभे राहिले.

"काय रं, बगतोस काय? बस की खाली," मालक म्हणाला.

"खाली बसून ऐकू येत न्हाई, मालक. इंजिनाच्या उंचीला बसावं लागतंय. बाज आणा."

शेतातली माणसं खुरपी थांबवून बघायला लागली. ज्या घराच्या अंगणात मिस्तरींच्या बापाला चपला हातात घेऊन जावं लागे, त्या घरातली बाज, त्यांच्यासाठी, सगळ्या शिवारासमोर. मालकानं गव्हाकडे बघितलं, माणसांकडे बघितलं, मिस्तरींकडे बघितलं. मिस्तरी पेचकसाचं टोक रुमालानं पुसत होते. मग मालकानं गड्याला खूण केली आणि बाज आली. मिस्तरी तिच्यावर तासभर बसले. मग एक नट आवळला आणि इंजिन सुरू झालं.

"मी इच्यारलं, तासभर काय ऐकत व्हता?" गोदा सांगायची. "तर म्हणले, इंजिनाचं पाच मिंटात कळलं व्हतं. पर बसायला लय बरं वाटत व्हतं."

अशा माणसाला मी दर रविवारी खोटं ऐकवत होते.

त्यांच्या क्वार्टरच्या मागं ताडपत्रीखाली गाडी आकाराला येत होती. धरणाच्या कामातून उरलेले नळ, डांबराच्या पिंपांचा पत्रा, भंगारातल्या स्कूटरची चार चाकं, काथ्याच्या दोन बैठका. इतकी बुटकी की माणूस तिच्यात बसायचा नाही, उतरायचा. सगळं होतं, इंजिन नव्हतं. मागच्या बाजूला त्याची जागा तेवढी राखलेली, मी वाचून दिलेल्या मापांची, आणि त्या मापाचा एक लाकडी ठोकळा तिथं बसवलेला.

"स्कूटरचंच इंजिन घाल की," मी एकदा म्हटलं.

"नवरीच्या पाटावर दुसरीला बसवायचं व्हय, बाई?"

गोदा दारातून म्हणाली, "पैलीला तरी कुटं बगितलंय तुमी? मीच वढते म्हणा गाडी, दावं बांदा."

इंजिन येईपर्यंत ब्रेक तपासून घ्यावा असं मिस्तरींच्या मनात आलं. धरणाच्या माथ्यावरून वीजघराकडे उतरणारा रस्ता आहे. त्या उतारावरून गाडी नुसती सोडायची. दुसऱ्या बैठकीत वजन हवं होतं. गोदा म्हणाली, "मला लेकरं हायत." मला तेव्हा नव्हती, आणि येलदरीतल्या पहिल्या पळगाडीत बसलेली बाई व्हायची हौस मात्र होती. मी पदर खोचून उतरले आत.

पहिली शंभरेक पावलं गाडी बैलगाडीसारखी चालली. मग तिला उतार कळला. जमीन माझ्या कोपराखालून धावायला लागली. इंजिन नसल्यामुळं आवाज काहीच नव्हता, फक्त वारा आणि पत्र्याची थरथर, आणि त्या शांततेचीच मला जास्त भीती वाटत होती. वळण आलं. मिस्तरींनी ब्रेक दाबला. कुठंतरी तट्‌ असा आवाज झाला आणि पायाखालचा दांडा सैल पडला.

"तुटलं का काही?" मी विचारलं.

"तार गेली," ते म्हणाले. "बाई, पाय वर घ्या."

पुढं डाव्या हाताला दगडी कठडा, त्याच्या खाली नदीचं पात्र. मी त्यांच्याकडे बघितलं. ते डोळे किलकिले करून रस्ता बघत होते, जबडा घट्ट. वळणापलीकडे मच्छीमारांनी तापल्या रस्त्यावर जाळी वाळत घातली होती. माणसं ओरडत बाजूला पळाली. मिस्तरींनी गाडी मुद्दाम जाळ्यांवर घातली. दोरे चाकांत गेले, आसांना गुंडाळले, गाडी कण्हली, वाकडी झाली, आणि कठड्यापासून हातभर अंतरावर थांबली. मी तोंड उघडलं, आवाज फुटेना. मच्छीमारांचा फुटला. ते काय काय म्हणाले ते नातवंडांनी वाचण्यासारखं नाही.

मिस्तरी बाहेर आले, चाकाखाली डोकावले. "ब्रेक कच्चा हाय," म्हणाले. मग हळूच, फक्त मला ऐकू जाईल असं, "पर वळण चांगलं घेतलं न्हाई का?"

पुढचे दोन रविवार ते मच्छीमारांमध्ये मांडी घालून जाळी विणत बसले. वाचन बंद. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि चुकल्यासारखंही.

पेट्रोलचे भाव भडकलेलेच होते, आणि चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यानंतर नवा अंक आला. वर्षभरात माझं इंग्रजी गायीच्या पुढं गेलं होतं, नेमकं वाईट बातमी कळण्याइतकं. फिरतं इंजिन पेट्रोल फार पितं. तिकोन्याचे कोपरे लवकर झिजतात. ज्यांनी त्यावर छोटी, स्वस्त, दोन माणसांची गाडी काढायचं म्हटलं होतं त्यांनी ती कल्पना सोडून दिली. पुढच्या गाड्यांत जुनीच, वर-खाली करणारी इंजिनं राहणार. मी ते मनातल्या मनात दोनदा वाचलं. मिस्तरी समोर डोळे मिटून बसले होते, तळवा फरशीवर.

"काय म्हणत्यात?"

मला त्यांची दया आली असं सांगितलं तर छान दिसेल. तसं काही नव्हतं. वर्षभर मी आशा वाचून दाखवली होती. आता हे खरं वाचलं तर मागचं सगळं उघडं पडलं असतं. आणि दर रविवारी कुणीतरी माझ्याकडे असं कान लावून बसतं, त्याची मला चटक लागली होती.

"येतंय म्हणतात," मी म्हटलं. "पुढच्या वर्षी." आणि मग, हे कुठून सुचलं कोण जाणे, "आपल्याकडेही. पुण्याजवळ एका कारखान्यात काम सुरू होणार आहे."

त्यांनी डोळे उघडले. "पुण्याजवळ? आसं लिवलंय?"

"हो."

"कारखान्याचं नाव?"

"दिलेलं नाही."

ते पुढं झुकले आणि त्यांचं बोट पानावर आलं. ओळीखाली सरकायला लागलं. ते पुण्याचं पहिलं अक्षर शोधत होते. तेवढं अक्षर त्यांना येत होतं. बोट दुसऱ्या ओळीवर गेलं, तिसऱ्या. मी पान उलटलं आणि म्हटलं, "चहा घेतोस?"

आठ दिवसांनी ते कोरा कागद घेऊन आले. "बाई, राजीनामा लिवून द्या. इंग्रजीत. सायबाला इंग्रजीतलं खरं वाटतंय."

माझ्या हातातली तांदळाची सुपली तशीच राहिली. कायम होणाऱ्यांच्या यादीत त्यांचं नाव आहे, महिन्या-दोन महिन्यांत हुकूम येणार, हे ह्यांनी मला आदल्याच आठवड्यात सांगितलं होतं. दहा वर्षांनी. कायम झालं की पगार, क्वार्टर, म्हातारपणाची सोय. राजीनामा गेला की त्यातलं काही नाही.

"अरे, कायम होणार आहेस तू. वेड लागलंय का?"

"कायम हुईन, आन जलमभर दुसऱ्यानं बनवलेल्या टर्बाइनला तेल घालीन. तितं त्ये इंजिन आपल्या हाताखाली बनंल. झाडू मारायला ठिवलं तरी चालंल. मला त्येच्या जवळ उभं ऱ्हायचंय."

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य माझ्या तोंडात होतं. मी कागद घेतला, दौत घेतली, आणि लिहायला बसले. राजीनामा कसा लिहितात ते मला येत नव्हतं. इंग्रजीतला एकच अर्ज मला पाठ होता, डी.एड.ला घोटून घेतलेला: घरगुती अडचणीमुळं रजा मिळावी. मी तो लिहिला. तीस दिवस. त्यांनी खाली सही केली, एकेक इंग्रजी अक्षर कोरल्यासारखं काढत, आणि कागदावर फुंकर घातली.

संध्याकाळी हे ऑफिसातून आले ते टोपी न काढताच. "लिंबाजी सगळ्यांना सांगतोय काम सोडलं म्हणून. त्याच्या अर्जात तर रजा आहे. काय भानगड आहे?"

"राहू द्या तसाच."

"म्हणजे? अगं, उद्या साहेबांनी विचारलं तर?"

"रजाच मागितलीय ना? द्या रजा."

त्यांनी टोपी काढून खुंटीला लावली. "एकट्या लिंबाजीचीच नोकरी घालवशील असं वाटलं होतं," म्हणाले, "तू तर माझ्याही मागं लागलीस."

मिस्तरी दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं गेले, काखेत तोच पंचा. त्यानंतर रोज मी कॅलेंडरवर दिवस मोजून शाळेत जायची. तिसाव्या दिवशी ते कामावर हजर झाले नाहीत तर रजा संपणार, गैरहजेरी लागणार, आणि मग यादीतलं नाव कापायला साहेबांना कारण लागणार नव्हतं. पत्ता कुणालाच माहीत नव्हता.

आठवड्याभरानं गोदा भांडी पोत्यात भरताना दिसली.

"हे काय?"

"नौकरी न्हाई मंग क्वार्टर कशाचं? सायेब म्हणायच्या आदी आपुनच जावं. बोरीला दीर हाय."

"महिनाभर थांब, गोदा. कुणी काढत नाही तुला."

"तुमी म्हणता म्हणून थांबते. तुमी वाचून दावलं म्हणून तर त्ये गेले." तिनं ते साधेपणानं म्हटलं. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं.

अठ्ठाविसाव्या दिवशी मधल्या सुट्टीत मुलं डबे घेऊन बाहेर गेली आणि मिस्तरी वर्गात आले. पायरीवर थांबले नाहीत. दाढी वाढलेली, खाकी शर्ट मळलेला, वरचं बटण लावलेलं. त्यांनी माझ्या टेबलावर तो अंक ठेवला आणि ते पान उघडलं.

"वाचा."

"तुम्ही बसा आधी," मी म्हटलं. तुम्ही, असं पहिल्यांदाच तोंडातून निघालं. ते मुलांच्या बाकावर बसले.

"जसं हाय तसं वाचा."

मी वाचलं. एकेक ओळ, आधी इंग्रजी, मग मराठी. जो शब्द कळला नाही तिथं थांबून म्हटलं, "हा मला येत नाही." असं सात-आठ वेळा म्हटलं. पूर्वी एकदाही म्हटलं नव्हतं. पुणं कुठंच आलं नाही. शेवटची ओळ संपल्यावरही ते पानाकडेच बघत होते.

"पुण्याजवळचे कारखाने हिंडलो. येका गेटाभाईर चहाच्या टपरीवर येका फिटरनं आसंच वाचलं," ते म्हणाले. "मी त्येला म्हणलं, तुला येत न्हाई. आमच्या बाईंना तुज्यापेक्षा चांगलं येतंय. त्येनं चौघांना बोलावलं. चौघांनी तेच वाचलं."

मला वाटलं, निदान एक चांगली बातमी तरी हातात आहे. मी घाईघाईनं सांगितलं. "मिस्तरी, तुमची नोकरी गेलेली नाही. तो राजीनामा नव्हता. रजेचा अर्ज होता, तीस दिवसांचा. परवा सकाळी सहाला हजर झालात की सगळं जिथल्या तिथं."

ते सुटकेचा श्वास टाकतील असं मला वाटलं होतं. ते उभे राहिले. ओट्यावर वर्षभर पाहिलेला तो चेहरा मला ओळखू येईना.

"इंजिनाचं येक येळ ठीक हाय," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "मला तेच ऐकायचं व्हतं, तुमी तेच ऐकवलं. त्येच्यात अर्धं माजं हाय. पर ह्यो कागद? माज्या बापानं लोकांनी लिवलेल्या कागदांवर अंगठे लावले. वाचून दावणारा म्हणायचा येक, आत असायचं दुसरंच. जिमीन गेली तवा कळालं. मी रात्रशाळेत जाऊन दस्तखत शिकलो, बाई. कशापायी शिकलो?"

"तुमच्या भल्यासाठीच—"

"त्यो वाचून दावणाराबी हेच म्हणायचा."

त्यांनी अंक पंच्यात गुंडाळला आणि ते गेले. बाहेर मुलं शिवाशिवी खेळत होती. मी घंटा द्यायची विसरले.

ते परवा येतील की नाही, हे मला कळायला काही मार्ग नव्हता. गोदालाही नव्हता. ते घरात कुणाशी बोलत नव्हते, नुसते वहीत काहीतरी लिहीत होते आणि पानं फाडत होते. तिसाव्या दिवशी सकाळी सहाला वीजघराचा भोंगा झाला तेव्हा मी दारात उभी होते. हे पावणेसहालाच गेले होते. दहा वाजता घरी आले, पाणी मागितलं, आणि खिशातून एका कागदाची नक्कल काढली. मिस्तरी सहाच्या आत आले होते. कामाला हात न लावता साहेबांच्या दाराशी जाऊन थांबले, साहेब आल्यावर हा कागद दिला. मराठीत, मोठ्या, खुरडत्या अक्षरांत:

"मी राजीनामा दिला आहे असे समजून गेलो होतो. तो रजेचा अर्ज होता. मी न वाचता सही केली. चूक माझी आहे. मला कामावर राहायचे आहे. पटत नसेल तर काढून टाकावे."

साहेबांनी विचारलं, अर्ज कुणी लिहिला होता? हे टेबलाशी खाली मान घालून उभे होते. मिस्तरी म्हणाले, "सही माजी हाय, सायेब. दुसऱ्या कुणाचं नाव कशाला पायजे?" साहेबांनी कागद फायलीत लावायला सांगितला आणि म्हणाले, "जा, दोन नंबरचं मशीन आवाज करतंय, बघून ये." पुढच्या महिन्यात कायमचा हुकूम आला. गोदानं पोत्यातली भांडी पुन्हा फळीवर लावली आणि मला जिलबी आणून दिली. त्यांनी पाठवली होती की तिची ती घेऊन आली, हे मी विचारलं नाही.

रविवार मोकळे झाले. मिस्तरी रस्त्यात भेटले की नमस्कार करत, मुलांच्या अभ्यासाचं विचारत, पण आमच्या ओट्यावर पुन्हा बसले नाहीत. अंक येत होते, पोस्टमन सांगायचा.

दोन वर्षांनी ह्यांची परभणीला बदली झाली. सामान ट्रकनं पुढं गेलं. मी कडेवर लेक आणि हातात पिशवी घेऊन थांब्यावर उभी होते. हे तिकिटापुरते सुटे पैसे बघायला दुकानात गेले होते. रस्त्याच्या पलीकडे लिंबाखाली ती गाडी उभी होती. मागं स्कूटरचं जुनं इंजिन बसवलेलं, नुकतंच बंद केलेलं असावं, पत्र्यातून टिकटिक येत होती. आत मिस्तरी बसले होते. मांडीवर मासिक, पुढच्या पत्र्यावर जाडजूड शब्दकोश.

मी पलीकडे गेले. ते उठायला लागले, पण त्या गाडीतून पटकन उठणं कुणालाच जमण्यासारखं नव्हतं.

"चाललात व्हय, बाई?"

"हो. नवा अंक?"

"हाव. धाकट्या गाडीसाठी काहीतरी नवं इंजिन आलंय, आसं दिसायलंय."

"काय म्हणतात?"

"तितवर पोचलो न्हाई अजून."

ते परत पानाकडे वळले. बोट एका शब्दाखाली थांबलेलं होतं. ते अक्षरं पुटपुटत होते, एक, दोन, तीन, पुन्हा पहिल्यापासून. मी उलट्या बाजूनं वाकून बघितलं. तो शब्द मला येत होता. जिभेवर आला होता. लेकीनं माझी वेणी ओढली. एस.टी. वळणावर दिसली, हे दुकानातून हाका मारायला लागले. मिस्तरींनी शब्दकोश जवळ ओढला आणि पानं चाळायला सुरुवात केली.

शब्द जिभेवरच ठेवून मी रस्ता ओलांडला. गाडीत चढले, खिडकीची जागा मिळाली. एस.टी. हलली तेव्हा त्यांचं बोट शब्दकोशाच्या रकान्यातून सावकाश खाली उतरत होतं.